पारंबी

सुरुवातीलाच एक छोटीशी व्हायवा घेते. घाबरू नका, मार्क नाहीत. प्रश्न एकच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुलाचं नाव काय?

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी सरळ नापास झाले असते. शाळेत असताना दर १४ एप्रिलला बाबासाहेबांवर इंग्लिशमधून भाषण ठोकायचे. जन्म १८९१, कोलंबिया, लंडन, महाड, राज्यघटना... सगळं तोंडपाठ. पण एवढ्या मोठ्या माणसाला घर होतं, घरात एक मुलगा होता, तो आजारी पडायचा, त्यालाही शाळा आणि परीक्षा होती, हे कधी डोक्यातच आलं नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या!)

हे डोक्यात घातलं आमच्या येलदरीच्या एका आजींनी. येलदरी म्हणजे परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन सेट आहेत, एकूण साडेबावीस मेगावॅट. माझे पप्पा तिथेच, पॉवरहाऊसवर. मी लहानपणापासून कॉलनीत 'साहेबांची पोरगी'. दुकानात उधारी मिळायची, शाळेत लाड व्हायचे. पण थर्ड सेमला माझा एम-थ्री राहिला तेव्हा कळलं की या नावाचं बिलही येतं. इंजिनिअर साहेबांची पोरगी आणि गणितात बॅकलॉग! गावात जो भेटेल तो तेच विचारायचा. मी तर सुट्टीत घराबाहेर पडणंच बंद केलं होतं.

त्या डिसेंबरात आजी नेहमीप्रमाणे दादरला निघाल्या होत्या. परभणीहून देवगिरीने, गर्दीत उभ्या उभ्या, भाकरी बांधून घेऊन. मी त्यांना बॅग उचलू लागले आणि सहज विचारलं की दादरची ती चैत्यभूमी सरकारने कधी बांधली? आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. सरकारने नाही, पोराने बांधली, भय्यासाहेबांनी, एवढं सांगून त्या जीपमध्ये बसल्या. आणि मी कोण भय्यासाहेब, म्हणून शोधायला लागले. पुढचं सगळं त्या शोधातलं.

तर व्हायवाचं उत्तर : यशवंत भीमराव आंबेडकर.

यशवंतचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा, मुंबईचा. तेव्हा त्याचे वडील फक्त एकवीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढे. त्याच वर्षी बी.ए. झाले होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत यशवंतचे आजोबा, सुभेदार रामजी गेले. आणि जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, वडील न्यूयॉर्कला पोहोचले. बाळ सात महिन्यांचं! ते परत आले ऑगस्ट १९१७ मध्ये. बाळ आता पावणेपाच वर्षांचं. चालायला लागलं, बोलायला लागलं, पडलं, रडलं, सगळं वडिलांच्या मागे. म्हणजे घरी आलेला माणूस आपला बाप आहे ही ओळख त्याला करूनच द्यावी लागली असणार.

ओळख नीट होते न होते तोच जुलै १९२० मध्ये वडील पुन्हा निघाले. अपुरं राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला, लंडनला. परतले एप्रिल १९२३ मध्ये. मी हिशोब करून पाहिला. यशवंत सव्वादहा वर्षांचा झाला तोवर त्यातली जवळजवळ सात वर्षं वडील समुद्रापलीकडे होते. आपण हॉस्टेलवर महिनाभर राहिलो की घरी फोन करून रडतो. इथे फोन नाही, आणि पत्राला बोटीने यायला आठवडे लागायचे.

घर म्हणजे परळच्या पोयबावडीतली बी.आय.टी. चाळ. दोन खोल्या. त्यात रमाई, यशवंत, मोठे काका आनंदराव, काकू लक्ष्मीबाई, चुलतभाऊ मुकुंद. वडील लंडनमध्ये अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत वाचत बसायचे आणि इकडे आई काटकसर करून घर चालवायची. रमाईंनी गोवऱ्या थापल्या, त्या विकल्या, असं आजही गावोगाव सांगितलं जातं. बाबासाहेबांच्या डिग्र्या आपण भिंतीवर लिहितो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. या डिग्र्यांची फी कुणी कुणी भरली ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्यातला एक हप्ता या मुलानेही भरला होता.

आणि त्याहून मोठं दुःख घरातच होतं. रमाई आणि बाबासाहेबांना पाच मुलं झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. एकामागून एक लहानपणीच गेली. सगळ्यात धाकटा राजरत्न बाबासाहेबांचा फार लाडका, तो जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. सभेत सिंहासारखा उभा राहणारा माणूस त्या पत्रात पार कोसळलेला दिसतो. म्हणजे वडिलांना माया नव्हती असं अजिबात नाही. पण त्या घरात मागे राहिला एकटा यशवंत, तेरा वर्षांचा. चार भावंडं गेलेलं घर, खचलेली आई, आणि स्वतःचीही तब्येत नाजूक. लहानपणापासून आजारपण त्याच्या पाठीला लागलेलं होतं.

पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडचं चवदार तळं झालं. वडील आता फक्त त्याचे राहिले नाहीत. चाळीत लोकांची रीघ लागली. कुणाचा दाखला, कुणाची केस, कुणाच्या गावचं पाणी बंद. सगळ्यांना बाबासाहेब हवे होते. 'बाबा' म्हणजे बाप. हजारो लोक ज्याला बाप म्हणतात त्याच्या सख्ख्या मुलाने त्याला काय म्हणायचं? त्याच्या वाट्याला नेमका किती बाप येणार? पुढाऱ्याच्या घरातली पोरं मजेत असतात असं आपण समजतो. लाल दिव्याची गाडी, मागे-पुढे माणसं वगैरे. इथे पुढारी रात्ररात्र वाचत बसणारा, पैसा जेमतेम, आणि शत्रू मात्र भरपूर.

आता जरा आपल्या वयावर येऊ. यशवंत अठरा ते वीस वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील तीन वेळा गोलमेज परिषदेला लंडनला जाऊन आले. १९३०, १९३१, १९३२. त्यातच सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू झालं. गांधीजींचा जीव बाबासाहेबांच्या एका सहीवर अवलंबून आहे असं सगळ्या देशाला वाटत होतं. धमक्यांची पत्रं येत होती. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या आठवड्यात परळच्या चाळीत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनात काय चाललं असेल? सगळा देश ज्याला दोष देतोय तो आपला बाप! आपल्या वडिलांबद्दल कॅन्टीनमध्ये कुणी एक शब्द वाकडा बोललं तर आपण भांडायला उठतो. यशवंतने कुणाकुणाशी भांडायचं होतं?

मग दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं राहिलं. घर कसलं, लायब्ररीच ती. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. पण त्या घरात रमाईंना फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. यशवंत बावीस वर्षांचा. वडील नसताना ज्या एका माणसाने त्याला सांभाळलं तेही माणूस गेलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. बाबासाहेबांनी सगळ्या समाजाला शिका म्हणून सांगितलं. लोकांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, कॉलेजं काढली. मुंबईत सिद्धार्थ, आपल्या मराठवाड्यात औरंगाबादचं मिलिंद. (आपल्यातल्या कित्येकांचे काका, मामा, सर मिलिंदला शिकलेत.) पण त्यांच्या स्वतःच्या मुलाकडे मात्र कॉलेजची डिग्री नव्हती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. इतक्या डिग्र्यांच्या माणसाचा मुलगा आणि नावापुढे एकही डिग्री नाही! माझ्या एका बॅकलॉगवरून मी तोंड लपवत होते. या माणसाला आयुष्यभर लोकांनी कसं तोललं असेल, बापाच्या तराजूत घालून?

पण भय्यासाहेब तोंड लपवून बसले नाहीत. (इथून पुढे त्यांना भय्यासाहेबच म्हणते, कारण समाज त्यांना त्याच नावाने ओळखतो.) त्यांनी हातात घेतला छापखाना. दादरचा भारत भूषण प्रिंटिंग प्रेस. इथे बाबासाहेबांचं 'जनता' हे पत्र छापलं जायचं. छापखाना म्हणजे तेव्हा कॉम्प्युटर नव्हे हं! एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा, उलटा जुळवायचा, ओळ बांधायची, प्रुफं तपासायची, शाईत हात काळे करायचे. वडील लिहिणारे, मुलगा छापणारा. वडिलांचा शब्द गावागावापर्यंत जायचा तो या खिळ्यांमधून. १९४६ साली दंगलीत हा प्रेस जाळला गेला. तो पुन्हा उभा केला. ४ फेब्रुवारी १९५६ ला 'जनता'चं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. त्याच्या संपादनातही भय्यासाहेबांचा आणि मुकुंदरावांचा हात होता. प्रेसचं नावही पुढे बुद्धभूषण झालं.

बाप आणि मुलगा यांच्यात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय जलआयोगाची सुरुवात त्या काळातली. इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलवाल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्या काळातला एक प्रसंग आठवणींमधून सांगितला जातो. एक कंत्राटदार काम मिळावं म्हणून भय्यासाहेबांना मध्ये घालून दिल्लीला बाबासाहेबांकडे आला. बाबासाहेब असे काही संतापले की त्यांनी मुलाला तसंच मुंबईला परत पाठवलं. ऐकायला छान गोष्ट आहे, प्रामाणिकपणाची. पण मी ती परतीच्या गाडीत बसलेल्या मुलाच्या बाजूने वाचली. तीस-बत्तीस वर्षांचा माणूस. आजवर बापाकडे काही मागितलं नाही, आणि एकदा कुणाच्या तरी नादी लागून गेला तर असं झालं. बापाचं बरोबर होतं. पण परतीचा प्रवास लांबचा असतो!

१९४८ साली बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर, म्हणजे नंतरच्या माईसाहेब, यांच्याशी लग्न केलं. तेव्हा भय्यासाहेब पस्तीस वर्षांचे होते, अजून अविवाहित. ताण आला, तो लपून राहिला नाही. एक दिल्लीत, एक मुंबईत. पुढे १९५३ मध्ये भय्यासाहेबांचं मीराताईंशी लग्न झालं. १९५४ च्या मे महिन्यात पहिला नातू जन्मला, प्रकाश. त्या एका गोष्टीत बाबासाहेबांना नशिबाने थोडं परत दिलं म्हणायचं.

मग आला ६ डिसेंबर १९५६. दिल्लीत झोपेतच बाबासाहेब गेले. रात्री विमानाने पार्थिव मुंबईला आणलं. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी अंत्यविधी झाला. भय्यासाहेबांनी अग्नी दिला. लाखो लोक रडत होते, आणि त्याच जागी लाखभर माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पाच दिवसांनी भय्यासाहेबांचा चव्वेचाळिसावा वाढदिवस होता.

माझ्या मते भय्यासाहेबांची खरी गोष्ट इथून सुरू होते. मोठ्या पुढाऱ्याच्या मुलाला अशा वेळी दोन रस्ते सोपे असतात. एक, बापाच्या खुर्चीवर बसायचं. दोन, लांब निघून जायचं. भय्यासाहेबांनी तिसरा रस्ता धरला. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा त्यांनी खांद्यावर घेतली. दीक्षा घेतलेली माणसं खेड्यापाड्यात होती. जुने देव सोडले, आता लग्न कसं लावायचं, वंदना कशी म्हणायची, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. ते काम गावोगाव फिरून करायचं होतं. भाषणाला टाळ्या मिळतात, अशा कामाला मिळत नाहीत. १९६० ते १९६६ ते विधान परिषदेत आमदारही होते. पण रिपब्लिकन पक्षात गटावर गट पडत असताना लोकांना ते आठवतात ते महासभेमुळेच.

आणि दुसरं काम, चैत्यभूमी. बापाला जिथे अग्नी दिला तिथे स्तूप बांधायचा. पैसा कुठून आणायचा? भय्यासाहेबांनी लोकांकडे हात पसरला. मजूर, गिरणी कामगार, शेतात राबणाऱ्या बाया, ज्याला जमेल तसे पैसे गोळा झाले. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताईंच्या हस्ते चैत्यभूमीचं उद्घाटन झालं. बाबासाहेबांच्या जाण्याला उद्या पंधरा वर्षं होणार, त्याच्या आदल्या दिवशी. आमच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला मुंबईला गेलो तेव्हा मी मुद्दाम जाऊन आले. सांचीसारखं तोरण, चौकोनी दालन, वर पांढरा घुमट, मागे समुद्र. फार मोठी वास्तू नाही. एवढ्याशा जागेत दर ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात, रांगेत तासन् तास उभी राहतात आणि माथा टेकवून जातात. बांधणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. मला वाटतं बांधणाऱ्यालाही त्याचं वाईट वाटलं नसतं. लहानपणी ज्या बापाला सगळ्यांबरोबर वाटून घ्यावं लागलं, त्याच बापाला त्याने मोठेपणी स्वतःच्या हाताने सगळ्यांना देऊन टाकलं. कायमचं.

भय्यासाहेब १७ सप्टेंबर १९७७ ला गेले. वय चौसष्ट. १७ सप्टेंबर! आपल्यासाठी हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. येलदरीच्या शाळेतही त्या दिवशी झेंडावंदन होतं, आणि इतकी वर्षं मला ही तारीख अर्धीच माहीत होती. बाबासाहेबांना १९९० मध्ये मिळालेलं भारतरत्न त्यांनी पाहिलं नाही. १४ जानेवारी १९९४ चा आपल्या विद्यापीठाचा नामविस्तारही पाहिला नाही. २५ जून २०१६ च्या पहाटेआधी दादरचं आंबेडकर भवन आणि तो छापखाना पाडला गेला, तेही त्यांना बघावं लागलं नाही. तेव्हा मुंबईत केवढा मोठा मोर्चा निघाला! लोक एका जुन्या प्रेससाठी रस्त्यावर आले, म्हणजे शाईत काळे झालेले ते हात कुणीतरी लक्षात ठेवले होते.

वडाच्या झाडाखाली दुसरं काही उगवत नाही असं म्हणतात. थोरामोठ्यांच्या मुलांबद्दल बोलताना ही म्हण हटकून येते. आमच्या कॉलनीच्या गेटजवळ एक जुना वड आहे. सुट्टीत मी त्याच्याकडे नीट पाहिलं. खाली खरंच काही उगवलेलं नाही. पण त्याच्याच पारंब्या खाली उतरून मातीत शिरल्यात आणि जाड झाल्यात. मधलं खोड पोखरलंय, तरी फांद्या पडलेल्या नाहीत, कारण खाली पारंब्या उभ्या आहेत. पारंबीला कुणी वड म्हणत नाही. पण ती काढून घेतली तर फांदी खाली येईल.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक रूमला कुणी ना कुणी 'अमक्याचा मुलगा', 'तमक्याची मुलगी' आहे. कुणाचा बाप सरपंच, कुणाचा मास्तर, कुणाचा कर्ज काढून फी भरणारा शेतकरी. प्रत्येकाच्या डोक्यावर बापाचा एक तराजू टांगलेला आहे. त्यात बसायला गेलं की आपण कमीच भरतो. भय्यासाहेबांनी तो तराजू बाजूला ठेवला आणि पुढ्यातलं काम उचललं, एवढंच. आणि ते काम आज समुद्रकाठी उभं आहे.

एम-थ्री मी गेल्या सेमला काढला. ४५ मार्क! पप्पांना फोन केला तेव्हा ते नाइट शिफ्टला होते, मागे टर्बाइनचा आवाज येत होता. ते काही बोलले नाहीत, जेवलीस का एवढंच विचारलं. मला तेवढं पुरलं.

या डिसेंबरात आजींबरोबर दादरला जायचं ठरवलंय. रांगेत उभी राहीन. आत बाबासाहेबांना नमस्कार करीन, आणि बाहेर आल्यावर त्या घुमटाकडे बघून आणखी एक.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल)